४० तासांचं मध्यस्थी प्रशिक्षण झालं, पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: “मी जिल्हा न्यायालयात अकरा वर्षं वकिली करते. दोन वर्षांपूर्वी मध्यस्थीचं ४० तासांचं प्रशिक्षण घेतलं. त्यानंतर माझ्याकडे एकूण सात प्रकरणं आली, त्यातली दोन मिटली. परदेशातल्या काही संस्था निरनिराळ्या देशांतल्या वकिलांना आणि न्यायाधीशांना आपापल्या देशात मध्यस्थीची व्यवस्था कशी उभी करायची आणि कशी चालवायची याचं शिक्षण देतात, असं कळलं. मी अर्ज करावा का? तिथलं शिकलेलं आपल्याकडे लागू पडतं का?”

दोन मिटली याचं वाईट वाटून घेऊ नका. पहिल्या सातांत दोन म्हणजे ठीकच आहे. वाईट वाटायचंच असेल तर दोन वर्षांत सातच आली याचं वाटू द्या, आणि त्याचाही दोष स्वतःला देऊ नका. तुमच्या खोलीपर्यंत फाईल येण्याची वाटच कोणी बांधलेली नाही. तुम्ही ‘व्यवस्था’ म्हणता ती म्हणजे मुख्यतः ही वाट. ती बांधायला मध्यस्थीच्या कौशल्याहून वेगळं काहीतरी यावं लागतं, आणि ते ४० तासांत शिकवत नाहीत. शिकवायला तेवढा वेळही नसतो.

अर्जाचं शेवटी बोलू. आधी त्या सात फायली काढून बसा. प्रत्येक फाईल कोणत्या न्यायाधीशांनी पाठवली, दाव्याच्या कोणत्या टप्प्यावर पाठवली आणि पाठवताना पक्षकारांना काय सांगितलं, एवढंच लिहून काढा. माझा अंदाज आहे की सातपैकी चार-पाच एकाच न्यायाधीशांकडून आल्या असतील. त्यांची बदली झाली की त्याही थांबतील, किंवा एव्हाना थांबल्याही असतील. आपल्याकडे साधारण तीन वर्षांत बदली होते. म्हणजे एखाद्या भल्या न्यायाधीशाच्या उत्साहावर चालणाऱ्या केंद्राचं आयुष्य फार तर तेवढंच.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. मी प्रशिक्षक झाल्यावर सुरुवातीच्या काळात एका जिल्ह्याच्या ठिकाणी आम्ही २२ वकिलांना एकदम तयार केलं. पाच दिवस, रोज आठ तास. समई लागली, नारळ फुटला, फोटो निघाले. दोन खोल्या मिळाल्या. गोल टेबलही मिळालं, आणि ते मिळवायलाच सगळ्यात जास्त पत्रव्यवहार करावा लागला. पहिल्या महिन्यात १९ प्रकरणं आली, दुसऱ्यात ११. सहाव्या महिन्यात एक. वर्षभराने उजळणी वर्गासाठी गेले तेव्हा एका खोलीत लाल कापडात बांधलेले जुन्या रेकॉर्डचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले होते आणि दुसऱ्या खोलीत शिपायाचा मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होता. खोलीचा एवढा तरी उपयोग झाला म्हणून मला खरंच बरं वाटलं.

काय चुकलं ते शोधायला मी तिथल्या शिरस्तेदारांजवळ, म्हणजे कोर्टाच्या मुख्य कारकुनांजवळ, तासभर बसले. त्या तासात जे कळलं ते मला कुठल्याच परिषदेत कळलं नव्हतं. प्रकरण मध्यस्थीला पाठवल्याची नोंद रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, एका ओळीत होत होती. पण मध्यस्थाकडे कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या खोलीत जायचं हे पक्षकाराला सांगायचं कुणी, हे ठरलेलंच नव्हतं. बेलिफाला वाटायचं की वकील सांगतील. वकिलांना वाटायचं की केंद्रातून फोन येईल. केंद्रात फोनच नव्हता. तालुक्याहून एसटीने आलेला माणूस कोर्टाच्या दारात बसून राहायचा, दुपारी वकील म्हणायचे, “आज साहेब नाहीत, पुढची तारीख घ्या,” आणि त्याच्या लेखी मध्यस्थी म्हणजे आणखी एक तारीख ठरायची.

आम्ही २२ वकिलांना माणसाचं ऐकून कसं घ्यायचं ते शिकवलं होतं. ऐकायला माणूस समोर आणून बसवण्याची सोय मात्र कोणी केली नव्हती.

पुढच्या ठिकाणी आम्ही क्रम उलटा लावला. मध्यस्थांच्या प्रशिक्षणाआधी सहा महिने न्यायाधीश, शिरस्तेदार आणि वकील संघ यांच्याबरोबर काढले. न्यायाधीशांसमोर मध्यस्थीचं महत्त्व सांगणारं भाषण करायचं नाही, असं आधीच ठरवलं होतं. त्यांना महत्त्व माहीत असतं, आणि भाषणं ऐकून ते कंटाळलेले असतात. नावं काढून टाकलेले दहा खऱ्या दाव्यांचे गोषवारे त्यांच्यापुढे ठेवले आणि दोनच प्रश्न विचारले: यातली कोणती पाठवाल, आणि पाठवताना पक्षकारांना काय म्हणाल?

पहिल्या प्रश्नावर बहुतेकांनी सगळ्यात जुनी फाईल उचलली. चौदा वर्षांचा वाटपाचा दावा, वादी वारलेला, वारस रेकॉर्डवर, तीन अपिलं होऊन गेलेली. समजू शकते. बोर्डावर साचलेलं ओझं कमी व्हावं असं कोणालाही वाटेल. पण त्या फाईलमधली माणसं आता जमिनीसाठी भांडत नसतात, गेलेल्या चौदा वर्षांसाठी भांडत असतात. नव्या मध्यस्थाला पहिलंच असं प्रकरण मिळालं की तो हात टेकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या ॲफकॉन्स निकालात मध्यस्थीला पाठवण्याचा टप्पा स्पष्ट केलेला आहे: साधारणपणे कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, दाखल झाल्यावर आणि कोर्टाने वादाचे मुद्दे काढण्याआधी. कौटुंबिक वादात त्याहीआधी, समोरच्याला नोटीस बजावली की लगेच, कारण कैफियतीत एकमेकांवर जे लिहिलं जातं त्यानंतर बोलणं अवघड होऊन बसतं. कौटुंबिक न्यायालयात काम केलेल्या कोणालाही हे पटेल. नवरा-बायकोच्या भांडणात वकिलाने टाईप केलेला सातवा परिच्छेद कधी कधी मूळ भांडणापेक्षा जास्त लागतो.

(ॲफकॉन्सची एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८९, म्हणजे कोर्टाने दावा मध्यस्थीसारख्या मार्गाकडे पाठवण्याचं कलम, जे १ जुलै २००२ पासून लागू झालं, त्यात ‘मध्यस्थी’ आणि ‘न्यायिक तडजोड’ यांच्या व्याख्यांची चक्क अदलाबदल झाली होती. निकालाने ती चूक दाखवून अर्थ सरळ करून घेतला. मध्यस्थी म्हणजे काय याबद्दल देशात गोंधळ का, असं कोणी विचारलं की मी हे सांगते.)

दुसऱ्या प्रश्नावर आम्ही जास्त वेळ दिला. बहुतेक न्यायाधीश म्हणाले, “मी सांगेन, मिटवून घ्या.” पक्षकाराच्या कानात ते कसं पडतं? साहेबांना माझी केस कमकुवत वाटते. किंवा, साहेबांना केस चालवायची नाही. आम्ही प्रत्येकाकडून स्वतःच्या शब्दांत दोन मिनिटांचं बोलणं बसवून घेतलं. एका वरिष्ठ स्तराच्या न्यायाधीशांनी बसवलेलं मला अजून पाठ आहे: “तुमचा दावा आहे तिथेच राहणार आहे, तुमचा हक्क कुठे जात नाही. वरच्या मजल्यावर एक तास बसा, समोरच्याचं एकदा ऐका. नाही पटलं तर याच तारखेला परत या, मी पुढे चालवतो. तिथे काय बोललात ते मला कोणी सांगणार नाही.” शेवटचं वाक्य नुसतं सौजन्याचं नाही. २०१० च्याच मोतीराम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे की मध्यस्थाने न्यायालयाला मिटलं की नाही एवढंच कळवायचं, आत काय बोलणं झालं ते अहवालात येता कामा नये. पण निकालात आहे म्हणून बाबूराव शेतकऱ्याला ते माहीत होत नाही. न्यायाधीशांच्या तोंडून ऐकलं की माहीत होतं.

तुम्हाला नेतृत्व करायचं असेल तर हे प्रशिक्षण तुम्हाला देता आलं पाहिजे. अकरा वर्षांच्या वकिलाने न्यायाधीशांना कसं शिकवायचं, हा संकोच मला ठाऊक आहे. मुख्य जिल्हा न्यायाधीशांच्या आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांच्या मार्फत जा, सोबत एक निवृत्त न्यायाधीश घ्या, आणि तुम्ही फक्त गोषवारे तयार करा. बोलणं त्यांना करू द्या.

आपल्या देशात ही विद्या आली कशी, तेही माहीत असू द्या, कारण त्यात तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. मध्यस्थांचं पहिलं सविस्तर प्रशिक्षण २००० साली अहमदाबादेत झालं आणि ते अमेरिकन प्रशिक्षकांनी दिलं. पुढे २००५ च्या एप्रिलमध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आवारात न्यायालयाला जोडलेलं केंद्र सुरू झालं, आणि तिथे मध्यस्थ म्हणून वकील बसले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने मध्यस्थी आणि सामोपचार प्रकल्प समिती नेमली. तुम्ही घेतलेले ४० तास हे तिच्याच आराखड्यातले. त्याच वर्षी दिल्लीच्या तीस हजारी न्यायालयात काम सुरू झालं, पण तिथे सुरुवातीला मध्यस्थ होते कामावर असलेले न्यायाधीश. २००७ मध्ये बंगळुरूचं केंद्र आलं, पुन्हा वकिलांवर उभं. शिकवणारे जवळपास तेच आणि तंत्रही तेच असून केंद्रं वेगळी निघाली. दिल्लीच्या पद्धतीत फायदा असा की खुर्चीवर न्यायाधीश आहेत म्हटल्यावर पक्षकार येतो आणि वकीलही टाळत नाहीत. तोटा असा की तोच पक्षकार मध्यस्थाच्या चेहऱ्यावर निकाल वाचायला लागतो. वकिलांवर उभ्या असलेल्या केंद्रात उलट: बोलणं मोकळं होतं, पण “हा काल माझ्या विरोधात उभा होता” हा संशय दूर करायला पॅनल आणि नेमणुकीचे नियम पक्के लागतात. कुठली पद्धत बरी, हे तुमच्या गावच्या वकील संघाचा आणि न्यायाधीशांचा आपसात किती विश्वास आहे त्यावर ठरेल. ते तुम्हाला अमेरिकेत कोणी सांगू शकणार नाही.

बाहेर पाहायचंच, तर मी आधी अमेरिकेकडे पाहणार नाही. श्रीलंकेत १९८८ च्या कायद्याने मध्यस्थी मंडळं आली. गावातली मान्यताप्राप्त माणसं थोडं प्रशिक्षण घेऊन सुट्टीच्या दिवशी शाळेत किंवा देवळाच्या आवारात बसतात. ठराविक रकमेच्या आतल्या वादात आधी मंडळापुढे जावं लागतं आणि न मिटल्याचा दाखला घेऊनच कोर्टात जाता येतं. तिथे वकील जवळजवळ नाहीतच. बांगलादेशात माजी सरन्यायाधीश मुस्तफा कमाल यांच्या पुढाकाराने २००० साली ढाक्याच्या कौटुंबिक न्यायालयांत लहानसा प्रयोग झाला, तो चालतो असं दिसल्यावर २००३ मध्ये दिवाणी प्रक्रिया संहिता बदलली. आधी चार खोल्यांत करून पाहिलं, कायदा मागून आला. आपण बहुतेक वेळा उलटं करतो.

आणि इटली. हे उदाहरण मी प्रत्येक वर्गात सांगते, कारण वकिलांना ते लगेच कळतं. तिथे २०१० च्या हुकूमाने अनेक दिवाणी वादांत दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची केली आणि ती २०११ पासून लागू झाली. वकिलांना विश्वासात घेतलेलं नव्हतं. ते संपावर गेले, आणि प्रकरण घटना न्यायालयात पोचलं. २०१२ मध्ये सक्ती रद्द झाली, तीही मध्यस्थी वाईट म्हणून नव्हे. सरकारने संसदेने दिलेल्या अधिकाराबाहेर जाऊन हुकूम काढला होता, म्हणून. २०१३ मध्ये सक्ती परत आली, पण रूप बदलून: पहिल्या बैठकीला हजर राहायचं, तिथून पुढे जायचं की उठायचं ते पक्षकाराने ठरवायचं, आणि सोबत वकील हवा. ज्यांनी विरोध केला त्यांनाच खुर्ची दिली. आपल्या वकील संघात “मध्यस्थीने आमचं पोट मारलं” असं कोणी म्हणालं की रागावू नका. तो माणूस खरं बोलतोय. त्याची फी तारखांवर बेतलेली आहे. त्याला उपदेश करून उपयोग नाही. वकालतनामा घेतानाच तडजोड झाली तर फी किती हे ठरवून लिहून घ्यायला शिकवा. कलम ८९ खाली मिटलं तर पक्षकाराला कोर्ट फी परत मिळते, हे त्या वकिलाने पक्षकाराला आपणहून सांगितलं की त्याचाही मान वाढतो.

आपल्याकडे सक्तीचा अनुभव व्यावसायिक दाव्यांत आला. वाणिज्यिक न्यायालय कायद्यात २०१८ मध्ये कलम १२अ आलं, आणि मनाई हुकुमासारखा तातडीचा अंतरिम दिलासा मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी केलीच पाहिजे, हे २०२२ च्या पाटील ऑटोमेशन निकालाने पक्कं झालं. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज जातो, समोरच्याला नोटीस जाते, तो येत नाही, ‘नॉन-स्टार्टर’, म्हणजे मध्यस्थी सुरूच झाली नाही, असा शेरा पडतो आणि दावा दाखल होतो. वकिलांच्या खोलीत त्याला टपाल खातं म्हणतात. कायदा दोन माणसांना एका टेबलापर्यंत ढकलू शकतो, पण ते टेबल बसण्याजोगं आहे असं त्यांना वाटायला लागेपर्यंत ती ढकलाढकलच राहते. त्या मानाने महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण नियामकाचा, सामोपचार मंच मला जास्त शिकवून गेला. २०१८ मध्ये सुरू झालेल्या या मंचात एक सामोपचारक ग्राहकांच्या बाजूचा, मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थेतला, आणि एक विकासकांच्या संघटनेतला, असे दोघं मिळून बसतात. घर घेणाऱ्याला “इथे माझी भाषा बोलणारा कोणीतरी आहे” असं पहिल्या पाच मिनिटांत वाटतं. ही युक्ती कुठल्या परदेशी पुस्तकातून आलेली नाही, इथल्या अविश्वासाकडे नीट पाहून आलेली आहे.

२०२३ च्या मध्यस्थी कायद्याबद्दल थोडक्यात. सगळा कायदा एकदम लागू झाला नाही. त्या ऑक्टोबरमध्ये काही कलमं आधी लागू केली, ती मुख्यतः मध्यस्थी परिषद उभी करण्यासंबंधीची. तुमच्या कामाचा भाग म्हणजे सामुदायिक मध्यस्थी. गावाची किंवा वस्तीची शांतता बिघडवू शकेल अशा वादात तीन जणांचं पॅनल बसवण्याची तरतूद आहे. पण लक्षात ठेवा, अशा तडजोडीला कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी अंमलबजावणी नाही. काहींना ती उणीव वाटते. मला वाटते तेवढी मोठी नाही, कारण बांधावरचं भांडण हुकूमनाम्याने फारसं मिटत नाही.

सामुदायिक म्हटलं की महाराष्ट्रात लगेच तंटामुक्ती आठवते. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली, तेव्हा आर. आर. पाटील गृहमंत्री होते. मोहिमेचं मोल मी कमी लेखत नाही. माझ्या माहितीतल्या कित्येक गावांत तिने बांधाचे आणि रस्त्याचे वाद कोर्टाबाहेर ठेवले. पण गावाला गुण आणि बक्षीस लावल्यावर काय होतं तेही मी पाहिलं आहे. नवऱ्याने मारहाण केलेल्या बाईला समितीतले दोघं येऊन सांगतात, “ताई, आत्ताच तक्रार नको, मूल्यमापन आहे.” ही मध्यस्थी नव्हे. व्यवस्था उभी करणाऱ्याने सगळ्यात आधी ठरवायची गोष्ट म्हणजे कोणतं प्रकरण आत घ्यायचं नाही. बोलायला घाबरणारं माणूस समोर असेल तर टेबल गोल असून काही फायदा नाही. म्हणून आमच्या केंद्रात वैवाहिक प्रकरणात पहिली बैठक नेहमी वेगवेगळी होते. बायकांना थांबायला दुसऱ्या दारातून येता येईल अशी जागा ठेवलेली आहे, आणि मध्यस्थाला कारण न देता प्रकरण परत पाठवायची मुभा आहे.

आता शिकवण्याच्या साहित्याबद्दल, कारण तुम्ही पुढे प्रशिक्षक होणार असं मी धरून चालले आहे. मी शिकले तेव्हाचे रोल-प्ले परदेशी धाटणीचे होते. दोन भागीदार, एक कंपनी, पुरवठ्याचा करार. आम्ही ते इंग्रजीत इतके झोकात केले की प्रशिक्षक खूश झाले. पुढच्याच आठवड्यात माझ्यासमोर दोन सख्खे भाऊ बसले, एक सामायिक विहीर, एक मोटर, उसाला पाण्याच्या पाळ्या, आणि मला तोंड उघडता येईना. धाकटा म्हणत होता, “पाणी नाही द्यायचं तर नका देऊ, पण दादाने वास्तुशांतीला बोलावलं नाही.” कंपनी-करारवाल्या रोल-प्लेमध्ये वास्तुशांती नव्हती.

तेव्हापासून मी सराव प्रकरणं स्वतः लिहिते. विहिरीचं एक आहे. एक आहे बहिणीच्या हक्कसोडीचं: भाऊ म्हणतो, तिने राजीखुशीने सही केली, बहीण म्हणते, दिवाळीला साडी मिळते तोवर माहेर आहे असं मला वाटायचं. एक आहे सोसायटीच्या गळतीचं, वरच्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक आणि खालचं तरुण जोडपं. प्रत्येक प्रकरणात फक्त त्या बाजूला माहीत असलेली गुपिताची चिठ्ठी असते, जी स्वतंत्र बैठकीतच बाहेर यावी. विहिरीच्या प्रकरणात थोरल्या भावाच्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं: बायकोच्या उपचाराचं कर्ज झालंय, वास्तुशांती उधारीवर केली, धाकट्याला कळू नये म्हणून बोलावलं नाही. चिठ्ठी नीट लिहिली तर शिकणारा मध्यस्थ मागणीच्या मागे काय आहे ते शोधायला आपोआप शिकतो. त्याला इंग्रजी संज्ञा पाठ करायला लावाव्या लागत नाहीत. मराठीत, आणि शक्य असेल तर तुमच्याच तालुक्याच्या बोलीत करा. सोलापूरकडचा वकील पुस्तकी मराठीत सहानुभूती दाखवायला लागला की पक्षकार सावध होतो.

ज्याकडे जवळजवळ कोणी लक्ष देत नाही तो भाग म्हणजे तडजोडीचा मसुदा. मिटलं म्हणून सगळे चहा घेतात, आणि सहा महिन्यांनी तलाठी म्हणतो, यात गट नंबरच नाही. क्षेत्र, चतुःसीमा, कोणता रस्ता कोणी वापरायचा, पैसे कोणत्या तारखेला आणि चुकले तर काय, हे सगळं पक्षकाराला वाचता येईल अशा मराठीत हवं. दाव्यात नसलेली मिळकत तडजोडीत घातली तर नोंदणी करावी लागते, हे न सांगितल्यामुळे मोडलेली तडजोड मी स्वतः पाहिली आहे. मसुदा माझाच होता. तेव्हापासून प्रशिक्षणाचा अख्खा अर्धा दिवस मी मसुद्याला देते आणि त्यासाठी दिवाणी बाजूच्या एका मुरलेल्या कारकुनाला बोलावते. वर्गातल्या सगळ्यात कामाच्या नोट्स त्याच्या तासाच्या असतात.

आकड्यांचं भूत अंगात येऊ देऊ नका. वरून अहवाल मागतात तो किती पाठवली आणि किती मिटली एवढाच. त्याने काय होतं? मध्यस्थ सोपी प्रकरणं उचलतात, किंवा पक्षकाराला “सही करा हो” म्हणून रेटतात. जुलै २०२५ पासून ९० दिवसांची ‘राष्ट्रासाठी मध्यस्थी’ मोहीम चालली. लोकांना शब्द तरी माहीत झाला, हे चांगलंच. पण मोहीम ही लोकअदालतीच्या चालीने जाते, आणि लोकअदालत एका दिवसात संपते. मध्यस्थीला दोन-तीन बैठका आणि मधला आठवडा लागतो. त्या मधल्या आठवड्यात घरी जे बोलणं होतं ते आपल्या हातात नसतं, आणि बरंचसं काम तिथेच होतं. तुम्ही स्वतःसाठी वेगळी वही ठेवा. कोणी पाठवलं, कोणत्या टप्प्यावर, पहिल्या बैठकीला कोण आलंच नाही आणि का, किती दिवस लागले, आणि मिटलेल्यांपैकी सहा महिन्यांनी किती टिकली. शेवटच्या रकान्यासाठी फोन करावा लागतो. करा. एका वर्षाची अशी वही तुमच्या हातात असेल तर मुख्य जिल्हा न्यायाधीशांपुढे तुम्हाला भाषण करावं लागणार नाही.

आता अर्जाबद्दल. असे कार्यक्रम खरे आहेत आणि काही चांगले आहेत. अमेरिकेतल्या जॅम्स या वाद मिटवण्याचं काम करणाऱ्या खासगी संस्थेच्या फाउंडेशनने २००८ मध्ये सुरू केलेली वाइनस्टाइन फेलोशिप हे त्यातलं नावाजलेलं नाव. तिचं मला आवडतं ते असं की उमेदवाराने स्वतःच्या देशासाठी स्वतः आखलेला प्रकल्प घेऊन जायचा असतो. तिथे काय मिळतं? इतर देशांतून आलेली, आपल्यासारखीच अडलेली माणसं मिळतात. चालती केंद्रं आतून पाहता येतात: प्रकरण आल्यापासून पहिल्या बैठकीपर्यंत कोण कुणाला फोन करतं, पैसे कुठून येतात, मध्यस्थाविरुद्ध तक्रार आली तर ती कोण ऐकतं. हे पाहण्यासारखं आहे. काय मिळत नाही? तिथे बहुतेक वेळा पक्षकार मध्यस्थाला स्वतःच्या खिशातून पैसे देतात, आणि खटला पुढे चालवण्याचा खर्च इतका अफाट असतो की मिटवण्याकडे आपोआप ओढ असते. आपल्याकडे तारीख स्वस्त आहे. ज्या माणसाच्या ताब्यात जमीन आहे त्याला तर तारीख फुकटच पडते, म्हणून तो मिटवायला येतच नाही. यावरचा उपाय तिथे शिकवत नाहीत, कारण तिथे हा आजार या रूपात नाही.

म्हणून माझा सल्ला: या वर्षी अर्ज करू नका, पुढच्या वर्षी करा. मधल्या काळात तुमच्या न्यायालयातल्या दोन न्यायाधीशांना धरून, एकाच प्रकारची प्रकरणं घेऊन, लहान काम सुरू करा. मी तुमच्या जागी असते तर सामायिक विहिरी आणि रस्त्याच्या हक्काचे दावे घेतले असते, कारण त्यात दोन्ही बाजूंना उद्या पुन्हा एकमेकांचं तोंड पाहायचं असतं. पॅनलवर सहा वकील पुरे, त्यात निदान दोन बायका. वकील संघाच्या अध्यक्षांना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या, मग ते नुसते चहाला आले तरी चालेल. केंद्राला एक मोबाईल क्रमांक घ्या, आणि पक्षकाराला आदल्या दिवशी फोन करण्याचं काम कोणाचं ते नाव घालून लिहून काढा. विधी सेवा प्राधिकरणाच्या परा-विधी स्वयंसेवकांपैकी, म्हणजे वकील नसून कायद्याच्या कामात लोकांना मदत करणाऱ्यांपैकी, एखादी चुणचुणीत मुलगी मिळाली तर अर्धं काम झालंच.

अर्जात “मला मध्यस्थीचा प्रसार करायचा आहे” असं लिहू नका, ते सगळेच लिहितात. तुमच्या वहीतलं लिहा: इतक्या प्रकरणांत पहिल्या बैठकीला प्रतिवादी आलाच नाही, आम्ही हे करून पाहिलं, हे अडलं, आणि तुमच्याकडे या अडचणीवर कोण काय करतं ते मला पाहायचं आहे. निवड झाली की मला कळवा. विहिरीचा रोल-प्ले इंग्रजीत करून बरोबर न्यायचा असेल तर चिठ्ठ्यांसकट पाठवते. वास्तुशांतीला इंग्रजीत काय म्हणायचं ते मात्र तुम्ही शोधा, मला अजून जमलेलं नाही.